रचून ठेवलेली चूल

नदीपासून सतरा मैल, खिंडीच्या अलीकडे,
ही गस्तीची चौकी. बारा फूट बाय अठरा.
लार्चचे ओंडके, कोपऱ्यांत खाचेत खाच.
उद्यानाच्या यादीत तिला नंबर आहे,
नंबरापुढे शेरा : ऐतिहासिक. उत्तरेचा पाया कुजलेला.

म्हणून आम्ही : मी, ओरिन फिन्ली, दोन खेचरं.
त्यातलं एक पुलावरून जात नाही, कधीच नाही,
त्याच्यापायी दर वेळी पाण्यात उतरावं लागतं.

चौकी जॅकवर उचलायची. अर्धा इंच. थांबायचं.
ऐकायचं, कुठे कुरकुरते. मग अजून अर्धा.
"झोपलेल्या पोराखालून चादर ओढावी तसं," ओरिन म्हणतो.
खालचा ओंडका निघाला तेव्हा तो ओंडका नव्हताच,
लाल भुसा, मुंग्या, साल तेवढी शाबूत.
नवा कुऱ्हाडीनं तासला. करवत चालत नाही. म्हणजे चालते,
पण यादीवाल्या बाई येऊन घाव निरखतात.

दारावर खिळे, टोकं बाहेर, अस्वलांसाठी.
तरी नव्वद साली एक आलंच खिडकीतून, पीठ खाऊन गेलं.
नोंदवहीत कुणीतरी त्याच्या वतीनं लिहिलंय :
मुक्काम एक रात्र. पाहुणचार बरा.

आणि एक नियम आहे, लिहिलेला कुठेच नाही :
निघताना चूल रचून जायची.
तळाला कागदाचा बोळा, वर देवदाराच्या ढलप्या,
मग बोटाएवढ्या काटक्या, मग दोन फाटे.
काडेपेटी अर्धी उघडी, चार काड्या बाहेर डोकावत्या,
कारण जो येईल त्याची बोटं वळत नसतील.
पेटवायची नाही. ती त्याची.

जुन्या वहीची नक्कल फळीवर असते. फेब्रुवारी, चौतीस साल.
हाल्व्होर एंगेसेट. पेन्सिलीनं, शाई गोठते म्हणून.

*नऊ. उणे एकतीस. लांडग्याचे माग. चहा संपला.*
*अकरा. छपरावरचं बर्फ ओढलं. स्कीचा पट्टा शिवला.*
*बारा. खिंडीकडे निघतो. चूल रचली.*

मग दुसरं अक्षर.

*तेवीस. एंगेसेटला शोधायला चार जण आणि वाटाड्या.*
*रात्री पोचलो. लॅमॉन्टची दोन बोटं काळी पडलीत.*
*चूल रचलेली होती. एका काडीत पेटली.*

तो तेव्हा दीड मैलावर होता, तीन पुरुष बर्फाखाली,
आणि हे त्यानं फोडलेल्या लाकडावर हात शेकत होते.
कुठे मेला हा, म्हणालेही असतील,
सहज, बोलण्याच्या ओघात.

पुढे चार दिवस कोरे.
*अठ्ठावीस. परत निघालो. चूल रचली.*

जूनमध्ये सापडला, ओरिन सांगतो, बर्फ उतरल्यावर.
ओरिनला माहीत आहे, कारण वाटाड्या त्याचा पणजोबा.
कूटनाय. वाट त्यांचीच, चौकीच्या कितीतरी आधीची.
वहीत लॅमॉन्टच्या बोटांना सुद्धा जागा मिळाली,
हे तो बोलत नाही. मी मनात म्हणते.

आज काम संपलं. नवा ओंडका पिवळाधमक दिसतो,
थिगळ लावल्यासारखा. दिसू दे.
ओरिननं आजच्या वहीत तारीख टाकली, आमची नावं, खेचरं दोन,
आणि खाली, ठासून, पेन्सिल मोडेपर्यंत :
*एटिएन फिन्ली, वाटाड्या. १९३४. उशिरा नोंद.*

मी चुलीपाशी बसले. बोळा, ढलप्या, काटक्या.
पहाटेपासून बोटं गार होती,
एक काडी ओढावी असं वाटलं, खोटं का बोलू.
चार बाहेर काढून ठेवल्या. मग पाचवीही.

बाहेर खेचर ओरडतंय.
त्याला ठाऊक आहे, पूल येणार आहे,
आणि माझे बूट आत्ता कुठे वाळलेत.